गल्ला कमी, गुण जास्त

प्राचार्यांच्या लेखणीतून





गेल्या महिन्यात एका पालकांचे पत्र आमच्या टेबलावर आले. भाषा सभ्य होती, मजकूर मात्र तिखट होता. त्याचा सारांश असा की, घरी आम्ही मुलाच्या हातून मोबाईल काढून घेतो आणि शाळेत तुम्ही शनिवारच्या शेवटच्या तासाला त्यालाच व्हिडिओ गेम खेळायला बसवता. मग आम्ही घरी कुठल्या तोंडाने बोलायचे? प्रश्न रास्त आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत तो चर्चेला येणारच आहे. त्याआधी आमची बाजू सर्वांसमोर मांडावी म्हणून हा लेख. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे मराठी लिहिताना लेखणी जरा अडखळते. शुद्धलेखन मराठीच्या बाईंनी तपासून दिले आहे. मते मात्र आमची आहेत आणि त्यांतल्या चुकाही आमच्याच.

आधी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण या विषयात आमचा पूर्वेतिहास फारसा चांगला नाही.

१९९५-९६ चे वर्ष असेल. आम्ही इंदूरच्या याच शाळेत नव्याने लागलो होतो आणि गणित-विज्ञान शिकवत होतो. शाळेच्या मागच्या गल्लीत, किराणा दुकानाला लागून, एक व्हिडिओ गेम पार्लर निघाले होते. चार लाकडी खोकी, प्रत्येकात एक पडदा, समोर दांडा आणि बटणे. एका रुपयाला एक टोकन. मधल्या सुट्टीनंतर वर्गातली दोन-तीन बाके रिकामी दिसू लागली, तेव्हा तत्कालीन मुख्याध्यापकांनी आम्हाला धाडले. आम्ही गेलो, आठवीतल्या दोन मुलांना कान धरून बाहेर काढले, हातातली टोकने जप्त केली आणि दोघांना शेवटच्या घंटेपर्यंत वऱ्हांड्यात उभे केले. मुले काय खेळत होती, हे पाहण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

निघताना पार्लरच्या मालकाला आम्ही दोन शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "मास्टरसाब, मैं क्या जानूँ कौन सा खेल अच्छा, कौन सा बुरा? इतवार को गल्ला खोलता हूँ. जो डब्बा कमाएगा, वही टिकेगा." तेव्हा आम्हाला ते उर्मट उत्तर वाटले. आज वाटते की व्हिडिओ गेमच्या सुरुवातीच्या काळाचा सगळा इतिहास त्या माणसाने एका वाक्यात सांगितला होता.

त्या दोन मुलांपैकी एक जण आता अमेरिकेत नोकरीला असतो. गेल्या दिवाळीत तो आईवडिलांना भेटायला आला, तेव्हा शाळेतही आला. त्याच्या लॅपटॉपवर 'अटारी ५०' नावाचा संग्रह होता. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या अटारी कंपनीच्या पन्नाशीनिमित्त २०२२ मध्ये तिचे जुने खेळ एकत्र करून हा संग्रह रीतसर विक्रीला आला. संगणक कक्षात बसून त्याने आम्हाला त्यातले काही खेळ दाखवले. नावाजलेले खेळ त्याने झटपट उरकले. ज्यांचे नावही आम्ही ऐकले नव्हते, असे दोन-तीन खेळ मात्र त्याने आवर्जून दाखवले आणि म्हणाला, "सर, हे त्या काळी चालले नाहीत. का चालले नाहीत, सांगा बघू." गृहपाठ देणारे आम्ही, आम्हालाच गृहपाठ मिळाला. त्यानंतर आम्ही या विषयावर बरेच वाचले, जुन्या खेळांच्या चित्रफिती पाहिल्या आणि काही खेळ स्वतः खेळून हरलो. त्यातून जे मत बनले, ते असे: नाणे टाकून खेळायच्या त्या काळात काही फार चांगले खेळ मागे पडले, ते मागे पडले याचे एक मोठे कारण त्यांना मोजण्याच्या पद्धतीत होते, आणि आमच्या मुलांनी तेच खेळ पाहायला हवेत.

सुरुवात अगदी पहिल्या खेळापासून करू. १९७१ मध्ये अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचा खेळ तयार केला आणि नटिंग असोसिएट्स या कंपनीने तो बाजारात आणला. नाणे टाकून खेळायचा, विक्रीला आलेला हा पहिला व्हिडिओ गेम मानतात. खोके फायबरग्लासचे, गोलाईदार. खेळणाऱ्याने एक अवकाशयान चालवायचे: ते डावीकडे वळवायला एक बटण, उजवीकडे वळवायला दुसरे, पुढे रेटायला तिसरे आणि गोळी झाडायला चौथे. यान एकदा सुटले की त्याच दिशेने सरकत राही, त्याला उलट दिशेने जोर देऊनच थांबवावे लागे. आठवीतला कोणताही विद्यार्थी सांगेल की हा न्यूटनचा पहिला नियम झाला. परंतु दारूच्या गुत्त्यात संध्याकाळी चार घटका मजा करायला आलेल्या माणसाला न्यूटन नको होता. सूचना लांबलचक, हाताला सवय नाही, नाणे वाया. हजार-दीड हजार यंत्रांवर गाडी थांबली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याच दोघांच्या अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' तयार केला. एक चेंडू, दोन फळ्या, प्रत्येकाला फिरवायला एकेक मूठ. पहिले यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी एका गुत्त्यात ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडले म्हणून तपासायला गेले, तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता.

पाँग वाईट खेळ होता असे मुळीच नाही. आम्ही तो खेळलो, छान आहे. परंतु त्या भरलेल्या डब्याने पुढच्या दहा वर्षांचा नियम ठरवून टाकला. पहिल्या अर्ध्या मिनिटात कळला पाहिजे, दोन-तीन मिनिटांत संपला पाहिजे आणि लगेच दुसरे नाणे टाकावेसे वाटले पाहिजे. जो खेळ समजायला वेळ मागतो, तो नापास. कॉम्प्युटर स्पेसची कदर शेवटी झाली, पण २०२३ मध्ये. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या खेळांच्या संग्रहालयाने त्या वर्षी त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतले. पाँगला तो मान ती यादी सुरू झाली त्याच वर्षी, २०१५ मध्ये, मिळाला होता. पहिला आलेला खेळ आठ वर्षे मागे राहिला.

आता दुसरे उदाहरण. 'पॅक-मॅन' सर्वांना ठाऊक आहे. १९८० मध्ये जपानच्या नामको कंपनीने आणलेला हा खेळ जगभर गाजला आणि तो गाजण्यालायकच होता. एका वर्षाने, १९८१ मध्ये, जपानच्याच युनिव्हर्सल कंपनीने 'लेडी बग' आणला. वरवर पाहिले तर पॅक-मॅनचीच नक्कल: तोच चक्रव्यूह, तसेच टिपत जायचे ठिपके, तसाच मागे लागलेला शत्रू. पण या चक्रव्यूहात दारे आहेत. आपला छोटासा लाल किडा दाराला धडकला की दार फिरते आणि वाट बदलते. मागे लागलेल्या किड्याच्या तोंडावर दार लावून घेता येते. त्याला मात्र दार हलवता येत नाही. शिवाय वाटेत इंग्रजी अक्षरे पडलेली असतात. त्यांचा रंग बदलत राहतो, आणि योग्य रंग असताना ती उचलून शब्द पूर्ण करायचा असतो.

फरक किती मोठा आहे पाहा. मूळ पॅक-मॅनमधली भुते ठरावीक नियमाने चालत. त्यामुळे लोकांनी ठरावीक वाटा शोधल्या आणि पाठ केल्या. त्या वाटा शिकवणारी पुस्तकेसुद्धा निघाली. लेडी बगमध्ये आपण प्रत्येक दार फिरवले की नकाशाच बदलतो. पाठांतराचा उपयोग कमी, समोर काय आहे ते पाहून निर्णय घेणे जास्त. आम्ही तीसेक वर्षे गणित शिकवत आलो. पाठ केलेल्या रीतीने उत्तर काढणारा आणि गणित उलटसुलट दिले तरी सोडवणारा, या दोघांतले अंतर आम्हाला माहीत आहे. असे असूनही लेडी बगची ओळख पॅक-मॅनसारखा एक खेळ एवढीच राहिली. मोठ्या भावाच्या वर्गात शिकलेल्या धाकट्याचे जे होते, तेच त्याचे झाले.

तिसरा मुद्दा सहकार्याचा. अटारीने १९७८ मध्ये 'फायर ट्रक' नावाचा खेळ काढला. अमेरिकेत अग्निशामक दलाच्या लांब शिडीच्या गाड्यांना मागच्या टोकालाही चालक असतो, कारण इतकी लांब गाडी वळणावर एकट्याने वळत नाही. या खेळात तेच होते. एक जण पुढे बसून चाक आणि पायाखालची कळ सांभाळणार, दुसरा त्याच्या मागे उभा राहून गाडीची शेपटी वळवणार. दोघांचे जमले तर गाडी रस्त्यावर, नाही तर भिंतीवर. दोघांनी मिळून, एकमेकांच्या भरवशावर खेळायच्या व्हिडिओ गेमपैकी हा अगदी पहिला म्हणतात. आमच्या क्रीडादिनाला तीन पायांची शर्यत होते, तिच्यात जे शिकायला मिळते तेच इथे आहे: आपल्यापेक्षा जोडीदाराच्या पावलाकडे जास्त लक्ष ठेवणे.

१९८० मध्ये सिनेमाट्रॉनिक्स कंपनीचा 'रिप ऑफ' आला. तो टिम स्केली यांनी तयार केला. पडद्याच्या मधोमध इंधनाचे आठ डबे. चहूबाजूंनी चोरांच्या गाड्या येतात आणि डबे ओढून नेऊ पाहतात. दोन खेळाडू मिळून राखण करतात. यात एक विलक्षण गोष्ट आहे. खेळाडूची गाडी फुटली तरी तो बाद होत नाही, पुन्हा मैदानात येतो, हवे तितक्या वेळा. शेवटचा डबा चोरीला गेला की मगच खेळ संपतो. म्हणजे "माझे किती जीव उरले" हा प्रश्नच नाही, "आपले किती उरले" हा प्रश्न आहे. त्या काळातल्या बहुतेक खेळांत दुसऱ्या खेळाडूने पहिला बाद होईपर्यंत शेजारी उभे राहून वाट पाहायची असे. इथे दोघेही पहिल्या क्षणापासून एकाच बाजूला. खेळ चालला, पण पॅक-मॅनचे नाव घराघरांत गेले तसे याचे गेले नाही. आज मोबाईलवर चार जणांचा गट करून खेळणाऱ्या मुलांना आपले पूर्वज कोण, हे माहीतही नाही.

आता ज्या खेळामुळे हा लेख लिहिण्याची खरी ऊर्मी आली, तो 'क्वांटम'. अटारीचा, १९८२ चा. तो बेटी रायन या तरुणीने जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या कंपनीत काम करताना रचला. त्या काळात या धंद्यात स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. खेळात दांडा नाही, एकही बटण दाबायचे नाही. तळहाताखाली फिरणारा एक गोळा, त्याने पडद्यावरचा ठिपका हलवायचा. ठिपक्यामागे रेघ उमटत जाते आणि थोड्या वेळाने विरते. पडद्यावर अणूतले कण भिरभिरत असतात. त्यांना न शिवता, त्यांच्याभोवती रेघेचा वेढा पूर्ण करायचा. वेढा मिटला की आतले सगळे कण आपले. मोठा वेढा घालायला जावे तर रेघ विरते, लहान घालावा तर कण निसटतो. गोळी नाही, स्फोट नाही, कुणाला मारणे नाही. रांगोळी काढणारा हात असावा, तसा हात लागतो. अशी यंत्रे निघाली सुमारे पाचशे. सबंध जगाला पाचशे! आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाच्या प्रती त्याहून जास्त निघतात.

दिवाळीनंतर आम्ही तो संग्रह शाळेसाठी विकत घेतला आणि एका शनिवारी सातवीच्या वर्गाला क्वांटम लावून दिला. गोळ्याऐवजी माऊस. वर्गातले पटाईत खेळाडू आधी तुटून पडले आणि भराभर बाद झाले. सवयीने ते बटणे शोधत होते. वर्गात एक मुलगी आहे. बोलत नाही, हात वर करत नाही, घटक चाचणीच्या यादीत तिचे नाव खालून मोजले तर लवकर सापडते. तिची पाळी शेवटी आली. ती बराच वेळ नुसती पाहत होती, हे आमच्याही लक्षात आले नव्हते. तिने माऊस धरला आणि अगदी सावकाश, कणांच्या वाटेचा अंदाज घेत, एकामागून एक वेढे घातले. घंटा झाली तरी कोणी उठेना. तिचे गुण त्या यादीत सर्वांत वर गेले.

या खेळात एक गंमत आहे. इतर यंत्रांवर पहिला येणारा आपल्या नावाची तीन इंग्रजी अक्षरे निवडतो. क्वांटमवर सर्वांत वरचा क्रमांक मिळवणाऱ्याला एक रिकामी चौकट मिळते आणि तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने काय हवे ते रेखाटायचे असते. त्या मुलीने तिथे आपल्या नावाचे पहिले अक्षर काढले, देवनागरीत. वरची रेघ थोडी तिरकी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत त्या खेळाची ती चौकट तयार झाली, तेव्हा तिच्यात कधी काळी मराठी अक्षर उमटेल असे कुणाच्या ध्यानीमनी नसेल. पण जागा मोकळी सोडलेली होती म्हणून ते उमटू शकले.

शेवटचे उदाहरण 'आय, रोबोट', अटारीचाच, १९८४ चा. तो तयार करणारे डेव्ह थ्यूरर काही नवखे नव्हते. 'मिसाईल कमांड' आणि 'टेम्पेस्ट' हे गाजलेले खेळ त्यांचेच. आज आपण पडद्यावर जी भरीव, तिन्ही बाजूंनी दिसणारी चित्रे पाहतो, ती भरलेल्या बहुकोनांनी बनवण्याची रीत विक्रीला आलेल्या खेळांत प्रथम या खेळाने वापरली. एक रोबोट लाल चौकोनांवरून चालत ते निळे करत जातो. वर एक प्रचंड डोळा आहे. तो उघडा असताना उडी मारायला बंदी आहे, मारलीत तर शिक्षा. आपण कुठून पाहायचे, हे खेळाडूला बदलता येते: उंचावरून पाहिले तर सोपे पण गुण कमी, खालून पाहिले तर अवघड पण गुण जास्त. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे ज्याला हा खेळ खेळायचाच नाही, त्याला त्याच यंत्रावर तीन मिनिटे नुसते आकार हलवून चित्र काढत बसता येते. तिथे गुण नाहीत, हार नाही. एक मुलगा दोन शनिवार तेवढेच करत बसला होता. आम्ही त्याला टोकले नाही. यंत्रे निघाली हजाराच्या आत. लोकांना ते काय आहे हेच कळले नाही. २०२५ मध्ये जेफ मिंटर या इंग्रज रचनाकाराने हा खेळ नव्या रूपात आणला, म्हणजे आठवण ठेवणारे कुठे ना कुठे असतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल की सर, तुम्ही सगळा दोष गल्ल्याला देता, हे काही बरोबर नाही. खरे आहे. आम्ही वकिली करत असलो तरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्वांटमसारख्या खेळांचे पडदे प्रकाशाच्या रेषांनी चित्र काढणारे, खास बनावटीचे असत आणि ते वारंवार बिघडत. फायर ट्रकचे खोके मोठे, जागा खाणारे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला. त्या लाटेत आलेला खेळ चांगला असूनही काय करणार? पार्लरवाल्यालाही पोट आहे, भाडे आहे, विजेचे बिल आहे. त्याने कमाईचा डबा पाहिला यात पाप नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्याने कमाई मोजली आणि जगाने तिलाच गुणवत्ता समजले.

लोकप्रियता ही किती जागेवर अवलंबून असते, याचा पुरावा आपल्याच गल्लीत आहे. त्या दिवशी आठवीतली ती दोन मुले जो खेळ खेळत होती, त्याला इंदुरात सगळे 'मुस्तफा' म्हणत. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा, एका अमेरिकन चित्रकथेवर आधारलेला. त्यातल्या चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा, आणि भारतातल्या गावोगावच्या मुलांनी सबंध खेळच त्याच्या नावावर केला. जगातल्या मोठ्या याद्यांत त्याला फारसे वरचे स्थान मिळत नाही, आपल्याकडे मात्र आज चाळिशीत असलेल्या कितीतरी माणसांचे डोळे ते नाव ऐकून चमकतात. एखादी गोष्ट एका बाजारात पडली म्हणजे ती पडीकच, असे नसते.

आणि त्या माजी विद्यार्थ्याने दिवाळीत आम्हाला आणखी एक सांगितले. दोघे एकाच पडद्यावर, एकाच बाजूने खेळत होते. त्याच्या मित्राची ताकद संपत आली होती, म्हणून वाटेत सापडलेले खाणे त्याने स्वतः उचलले नाही, मित्रासाठी सोडले. "तू घे" असे तो म्हणत होता, नेमक्या त्याच वेळी मागून त्याचा कान धरला गेला. आम्ही हसलो, तोही हसला. पण घरी गेल्यावर ती गोष्ट मनातून जाईना. शाळा बुडवली हे चुकलेच होते आणि त्याबद्दल बोलणे आमचे कामच होते. परंतु "काय खेळत होता रे?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर बरे झाले असते. त्या दोघांची या पानावरून आम्ही माफी मागतो.

आता पत्र लिहिणाऱ्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांची काळजी खोटी नाही. रात्र रात्र चालणारे, पुन्हा पुन्हा बोलावणारे, खिशातून पैसे काढणारे खेळ आम्हीही पाहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा करावा लागला, इतका तो प्रश्न गंभीर झाला होता. पण आजचे असे खेळ म्हणजे त्या जुन्या गल्ल्याचीच पुढची पायरी आहे. तेव्हा निदान नाणी मोजली जात, आता मुलाचे मिनिट न् मिनिट मोजले जाते. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेतल्याने तो एक खेळ थांबतो. दोन खेळांत फरक करायला मात्र तो त्यातून शिकत नाही. तो फरक कुणीतरी शिकवला पाहिजे, आणि तो शिकवायला हे जुने, हरलेले खेळ फार उपयोगी आहेत. ते वीस मिनिटांत संपतात, पैसे मागत नाहीत, दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत, आणि आपण का हरलो हे विचार करायला लावतात.

म्हणून बैठकीपुढे आमचा प्रस्ताव असा राहील. शनिवारचा तास बंद करू नये. त्याला शिस्त लावावी. एका संगणकावर दोन मुले, एक खेळणार आणि एक पाहून वहीत लिहिणार, नंतर अदलाबदल. तास चाळीस मिनिटांचा, त्यातली शेवटची दहा मिनिटे चर्चेची: या खेळात नवीन काय होते, तो का चालला नाही, तुम्ही असता तर काय बदलले असते? रीतसर विकत घेतलेलेच खेळ वापरायचे. चोरून उतरवलेले शाळेत चालणार नाहीत. आणि महिन्यातून एक शनिवार पडदे बंद ठेवून मैदानावर लगोरी, लंगडी. तेही खेळ असेच मागे पडलेले आहेत, त्यांनाही गल्ला नाही.

शेवटी एक गोष्ट आम्ही स्वतःसाठी लिहून ठेवतो. घटक चाचणीच्या याद्या सूचनाफलकावर लागतात, त्यांवर सही आमची असते. चाचणी घ्यावीच लागते, यादीही लावावी लागते. पण रविवारी डबा उघडणारा तो पार्लरवाला आणि यादीवर सही करणारे आम्ही, यांच्यात फार फरक आहे असे आम्हाला परवापर्यंत वाटत होते. सातवीतल्या त्या मुलीने ज्या दिवशी पडद्यावर आपले अक्षर काढले, त्या दिवशी तो तितका मोठा वाटला नाही. पुढच्या सत्रापासून प्रत्येक वर्गशिक्षकाने प्रगतिपुस्तकात गुणांखाली एक ओळ हाताने लिहावी, असे आम्ही ठरवले आहे: या मुलाला किंवा मुलीला काय जमते, जे या चाचणीत आले नाही. जागा आम्ही मोकळी सोडली आहे.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना आग्रहाचे निमंत्रण आहे. येत्या शनिवारी शेवटच्या तासाला या, मुलाच्या शेजारी बसा आणि एक डाव खेळा. हरलात तर काळजी करू नका, आम्हीही रोज हरतो. खेळून झाल्यावर आपले मत बदलले नाही, तर ते बैठकीत जरूर मांडा. आम्ही ते कान देऊन ऐकू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
प्राचार्य